सांडू बेसवाल्याचा पाट

सांडू निवांत बसलाय, असं दृश्य मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, जेवण उकिडवं, आणि एसटीत जागा मिळाली तरी थोड्या वेळानं ती दुसऱ्याला देऊन हा दारापाशी. बघणाऱ्याला वाटावं, केवढा उदार माणूस! उदार कसला, बूड टेकत नाही त्याचं. आमच्या ऑर्केस्ट्रात तो बेस गिटार वाजवायचा आणि मी, बद्रीनाथ, निवेदन करायचो. दोन गाण्यांच्या मधे लोकांना कंटाळा आणणारा तो निवेदक, ही व्याख्या आमचे मालक काकासाहेब यांची. माझ्या निवेदनामुळं त्यांना किती कार्यक्रम मिळाले ते ते कधी सांगायचे नाहीत. जाऊ द्या, हे माझ्याबद्दल नाही.

सांडू मूळचा पिशोरचा. वाळूजला कंपनीत रंगकामाच्या खात्यात लागला, शहरात खोली घेतली आणि संध्याकाळी करमेना म्हणून आमच्या तालमीच्या दारात येऊन उभा राहू लागला. तेव्हा आमचा बेसवाला नुकताच नाशिकला निघून गेला होता. काकासाहेबांनी या पोराचे लांब हात पाहिले आणि त्याच्या गळ्यात गिटार अडकवली. ऑर्केस्ट्रातल्या नेमणुका अशाच होतात. पण पोरगा लयीला पक्का निघाला. आमचा ड्रमवाला अन्सार सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. तोसुद्धा महिन्याभरात म्हणाला, "इसका हाथ घड्याळ है रे बद्री. इसकू छोडना नक्को."

बेस गिटारीला चार जाड तारा असतात. आवाज खर्जातला, जमिनीलगतचा. गाणं त्याच्यावर उभं असतं, पण लोकांना गायक ऐकू येतो, बासरी ऐकू येते, ढोलकी तर अंगातच शिरते. बेसवाला मागं, ड्रमच्या बाजूला, जिथं लाईट पोचत नाही तिथं. पब्लिकच्या लेखी तो आणि माईकचा स्टँड सारखेच. सांडूला याचं काही वाटत नव्हतं. त्याचं लग्न होईपर्यंत तरी नव्हतं.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं द्वारकाला कार्यक्रमाला आणलं ते पैठणला. नवी नवरी पहिल्या रांगेत, नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि हा मागं अंधारात जीव तोडून वाजवतोय. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं चहाला गेलो होतो. द्वारकानं कप पुढं केला आणि सरळ मनानं विचारलं, "त्याच्यात तुमचं कोणतं वाजत व्हतं?"

सांडूनं तोंडानं करून दाखवलं, "धुम्... धुम्, धुम्..."

"ते ढोलकीचं नव्हं का?"

मी हसलो. अगदी चहा सांडेपर्यंत हसलो. सांडू हसला नाही. त्यानं बेस काढली आणि तिथंच वाजवून दाखवायला लागला, पण घरात आवाज मोठा करणारा अँप नव्हता, आणि अँपशिवाय बेस म्हणजे नुसती तारांची टिकटिक. द्वारका समजूतदारपणे म्हणाली, "चांगलं वाजतंय." त्या 'चांगलं वाजतंय'नं माणूस जो पेटला तो पेटला.

पुढं ती पुष्कळदा आली. वेरूळला आली, कन्नडला आली, पिशोरला शाळेच्या मैदानावर तर सगळं माहेर घेऊन आली. दरवेळी परत जाताना तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की नाय बाई, मला नाय कळलं. तिची काही चूक नव्हती. घरी शिलाई मशीनवर बसून गावाची ब्लाऊजं शिवणारी बाई, तिला खर्ज आणि ढोलकी वेगळी करून कोण शिकवणार? मी सांडूला म्हणायचो, सोड ना, मला तरी कुठं कळतं. तो म्हणायचा, "लोकांना नाय कळलं तरी चालंल रे. पण हिला एकदा कळायला पाहिजे, ह्यात माझं कोणतं." आणि हे बोलतानाही तो खोलीत येरझारा घालत असायचा.

मग ऑर्केस्ट्राचे दिवस फिरले. आधी बासरीवाल्याला नारळ मिळाला, कारण कीबोर्डमध्ये बासरी होती. मग एक दिवस काकासाहेब लॅपटॉप घेऊन आले. सगळं वाजवणं त्यात आधीच भरलेलं, वरून फक्त गायकानं गायचं. त्याला ट्रॅक म्हणतात. पण रिकामं स्टेज बरं दिसत नाही. म्हणून काकासाहेब सांडूला म्हणाले, "तू बेस गळ्यात घालून उभा ऱ्हा. वायर कशात खोचू नको. बोटं हलव फक्त."

सांडूनं दोन कार्यक्रम तसे केले. दुसऱ्या कार्यक्रमाला द्वारका आली होती. तिनं परत जाताना नेहमीचंच सांगितलं, नाय कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सांडूनं काकासाहेबांना रामराम ठोकला.

त्याच सुमारास कंपनीतूनही तो निवृत्त झाला, आणि आता हा प्राणी दिवसभर घरात. द्वारका मला रस्त्यात गाठून म्हणायची, "भाऊजी, ह्यांना कुठं तरी न्या. घरात वारं शिरल्यावानी फिरत्यात." मी न्यायला गेलो की सांडू मोबाईल पुढं करायचा. मोबाईलमध्ये कुठल्याशा देशातला एक टकला माणूस एकटा बेस घेऊन उभा. पायाशी छोट्या छोट्या लोखंडी डब्या. डब्या पायानं दाबतोय, आणि एकट्याच्या बेसमधून सगळा वाद्यवृंद निघतोय.

"एकट्यानं, बद्री," सांडू म्हणाला. "मागं कुणी नाय, पुढं कुणी नाय. मंग कोण विचारंल, तुझं कोणतं? सगळंच माझं."

झालं. तिथून पुढं आमचं आयुष्य डब्यांनी भरून गेलं. कुठली पुण्याहून जुनी मागवली, कुठली हैदराबादहून. एक आवाज आवळून धरायची, एक तोच सूर वरच्या सप्तकात करून द्यायची, एक आवाजाच्या मागं आवाज लावायची, डोंगरात हाक मारल्यावर ऐकू येतं तसं. आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात लाडकी, लूपर. तो काय करतो हे सांडूनं मला इतक्या वेळा समजावलं की मी आता झोपेतही सांगेन. पायानं एकदा दाबलं की तुम्ही वाजवताय ते तो साठवायला लागतो. परत दाबलं की तेवढाच तुकडा गोल गोल फिरत राहतो. त्याच्यावर दुसरं काही वाजवा, दाबा, तेही त्यात जाऊन बसतं. असं करत एका माणसाची चार माणसं होतात.

पण डब्यांची मांडामांड काही जमेना. पहिल्या दिवशी लावल्या तर नुसती घुंई. क्रम बदलला, घुंई तशीच. अन्सारचं आता शहागंजात स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तो आला, त्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "सबकू एकच अडॅप्टर? घर के सब लोगाँ एक ताट में खारे क्या?" त्यानं प्रत्येक डबीला वेगळी वीज मिळेल असा एक खोका करून दिला. घुंई गेली. सांडूनं त्या दिवशी आनंदानं घरातल्या घरात किती चकरा मारल्या असतील, देव जाणे.

आता डब्या कशावर तरी पक्क्या बसवायला हव्या होत्या. जमिनीवर ठेवल्या की पायानं सरकायच्या. सांडूला थांबणं जमत नाही. सुतार उद्या येतो म्हणाला, एवढं कारण पुरलं. यानं माळ्यावरून सागवानी पाट काढला आणि त्याला ड्रिलनं भोकं पाडली. पाट द्वारकाच्या माहेरचा होता. त्याच्यावर बसूनच तिचं लग्न लागलं होतं. कोपऱ्यांना पितळी फुलं होती, त्यातलं एक यानं उपटलं, कारण तिथं लूपर बसत होता.

मी तिथं पोचलो तेव्हा वादळ होऊन गेलं होतं. द्वारका मशीनवर बसून टाके घालत होती आणि सांडू पितळी फूल हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत.

"वहिनी, चुकलं त्याचं," मी म्हणालो.

"चुकलं नाय भाऊजी. पाट बसायला असतो का नाचायला, येवढंच इचारलं मी. तर म्हनले, वाजवायला."

डब्या मात्र पाटावर अशा झोकात बसल्या की काढा म्हणायची तिचीही छाती झाली नाही.

आता खरी गंमत पुढं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. विळा, कात्री, शिलाई मशीन, सांडूची बेस. त्या वर्षी द्वारकानं मनातला राग गिळला आणि पाटही पूजेत मांडला. एकेका डबीला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, लूपरला तर दोन फुलं. वरून तांब्यातलं पाणी शिंपडलं. नमस्कार केला आणि सांडूलाही करायला लावला. सांडूनं पाटावर डोकं टेकलं.

दसरा झाला आणि पाट अन्सारच्या दुकानात आणला. मोठ्या स्पीकरवर ऐकून बघायचं होतं. आधी तर डब्यांची बटणं फिरवली की खरखर. अन्सारनं एक खोलली, आत फुंकर मारली आणि कपाळाला हात लावला. "सांडू, तेरे मशीन में कुंकू भऱ्या है रे." दुपार ब्रशनं कुंकू झाडण्यात गेली.

मग सांडू उभा राहिला. अनवाणी, कारण वाजवताना आमच्यापैकी कुणीच चपला घालत नाही. त्यानं लूपर दाबला आणि वाजवायला सुरुवात केली. तुकडा पुरा झाला, परत दाबला, तुकडा फिरायला लागला. आणि ऐकतो तर काय, पहिला सूरच नाही. समेवर खड्डा. गाडीचं चाक एकाच जागी आपटावं तसं प्रत्येक फेरीला तिथं काहीच नाही.

"यंत्र बिघडलं," सांडू म्हणाला.

अन्सार म्हणाला, "मशीन बराबर है. तू फिरसे कर, मैं देखता."

सांडूनं परत केलं, आणि आम्ही दोघांनी पाहिलं. डबीला पाय लागला रे लागला की याचा उजवा हात तारेवरून सुटून छातीला जात होता. वहीला पाय लागला, माणसाला पाय लागला, की लहानपणापासून आपला हात जातो, तसाच. नमस्कार! त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. हात परत तारेवर येईपर्यंत पहिला सूर निघून गेलेला असायचा, आणि लूपर बिचारा तो नमस्कार इमानेइतबारे साठवायचा.

मी पोट धरून हसलो. पण सांडूचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. तो घाबरला होता. दिवाळीला आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या बागेत दिवाळी पहाट होती. पुण्याची गायिका येणार होती आणि तिच्या आधीचा थोडा वेळ मी सांडूसाठी मागून घेतला होता. द्वारका येणार होती. सगळ्यांसमोर पहिल्यांदा एकटा, आणि हात ऐकत नव्हता.

मग उपाय सुरू झाले. पायमोजे घालून पाहिले, हात छातीला. बूट घातले, तर वाद्यावर बूट ठेवल्याच्या धास्तीनं हात आणखी लवकर. डोळे मिटून पाहिलं. अन्सारनं त्याला फैलावर घेतलं. "मैं जिंदगीभर ड्रम कू पाव से मारता आया. कभी सलाम किया क्या? पाव भी हाथ ही है रे, नीचे का."

"तुझ्या ड्रमला कुणी कुंकू लावलं नव्हतं," सांडू म्हणाला.

शेवटी तोडगा द्वारकानंच काढला. सांडू घरी हेडफोन लावून सराव करायचा, त्यामुळं तिला ऐकू काहीच जायचं नाही, पण छातीला जाणारा हात रोज दिसायचा. एका दुपारी मी बसलो असताना ती मशीन थांबवून म्हणाली, "कामून येवढं करता? मी बी मशीनला कुकू लावते. अन् दिवसभर पाय बी मारते."

"मंग? तुझा हात जात नाय?"

"सकाळी बसायच्या आधी एकदा पाया पडते. दिवसभराचं तेच्यात आलं. दर टाक्याला पाया पडत बसले तर ब्लाऊज दिवाळीला मिळंल का बाईला?"

सांडूनं लगेच वाकून पाटाला नमस्कार केला आणि उभा राहिला. लूपर दाबला. हात हलला, पण गेला नाही. परत दाबला. नाही गेला. हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. सम जागेवर होती, भरलेली, गोल. सांडूनं द्वारकाकडं असं पाहिलं की मीच उठून बाहेर आलो.

दिवाळीच्या सकाळी बागेत गारठा होता. लोक स्वेटर, नवे कपडे, अत्तर, उटण्याचा वास घेऊन आले होते. द्वारका दुसऱ्या रांगेत. अन्सार बाजूला मिक्सरवर. मी निवेदन केलं, आटोपशीर केलं, हे आवर्जून सांगतो. सांडू वर आला. पाटाला वाकून नमस्कार केला. उभा राहिला आणि लगेच हलायला लागला, या पायावरून त्या पायावर. मला तेव्हाच धडकी भरली.

त्यानं एक जुनी गौळणीची चाल धरली होती. लूपर दाबला.

हात छातीला गेला.

घरातला नमस्कार घरात राहिला होता. बाराशे डोळे समोर असताना हाताला फक्त लहानपण आठवलं. तुकडा पुरा झाला, फिरू लागला, आणि समेवर तो खड्डा, सगळ्या बागेला ऐकू जाईल असा. सांडू पांढरा पडला. आता साठवलेलं पुसायचं तर परत पाय, परत हात. अन्सार पुटपुटला, "गया." मी माईक उचलला. चार शब्द बोलून वेळ मारून नेऊ, माझं कामच ते. पण अन्सारनं माझा माईक बंद केला. "चूप बैठ. बजाने दे उसकू."

सांडू वाजवत राहिला. दुसरं काय करणार? त्यानं वरच्या सप्तकातले सूर टाकले, मग गिटारीच्या लाकडावर थाप मारून ठेका बसवला, मग चाल. थरावर थर चढत गेले. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "ट्रॅक लावलाय." त्याच्याकडं मी वळून असं पाहिलं की तो निमूट स्टेजकडं बघायला लागला. आणि सगळ्यांच्या तळाशी तो खर्ज फिरत होता. प्रत्येक फेरीला पहिल्याच पावलाला नाहीसा व्हायचा, वरचं सगळं क्षणभर अधांतरी, मग परत यायचा. सांडूनं चाल सोडून तो खड्डा हातानं भरून पाहिला, तर चाल तुटली. शेवटी त्यानं नाद सोडला आणि खड्ड्यासकट गौळण पुरी केली.

टाळ्या पडल्या. दिवाळीच्या सकाळी पडतात तेवढ्या पडल्या.

तो खाली आला तो तणतणतच. "वाट लागली, बद्री. समेवर! सगळ्यांसमोर!" मी म्हणालो की बरं झालं, लोकांना आवडलं. तो ऐकायला तयार नव्हता. स्टेजमागं इकडून तिकडं, तिकडून इकडं. द्वारका फराळाचा डबा घेऊन मागं आली.

"आज कळलं मला," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"तुमचं कोणतं ते."

सांडू भडकलाच. "अगं, सगळंच माझं व्हतं! दुसरं व्हतं कोण तिथं?"

"ते दिसतं की मला. तसं नाय म्हनत मी. ते खालचं, धुम् धुम्. दर खेपंला जायचं ना जरा, तवा वरचं सारं लोंबकाळल्यावानी व्हायचं. मशीनवर दोरा तुटतो ना, पाय चालतो पन टाका पडत नाय, तसं. पुन्हा आलं की जिवाला बरं वाटायचं. ते तुमचं." तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "पैठणला बी तेच व्हतं का?"

"व्हय."

"अन् पिशोरला? शाळंच्या मैदानात?"

"सगळीकडं तेच व्हतं." सांडूचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "येवढी वर्सं तेच वाजवतोय मी. मंग आधी कामून नाय कळलं तुला?"

द्वारकानं डबा उघडून त्याच्या पुढं धरला.

"आधी तुमी कधी थांबलात का?"